तीन वाजता काय झालं?

मावशीच्या घरात घड्याळ नव्हतं. कॉट बेसिसवर राहणाऱ्या आम्ही सहा मुली, आमच्या मनगटांवर सहा घड्याळं, त्यांतली दोन कायम एकमेकांशी न जुळणारी. तेवढ्यावर ते घर चालायचं. मावशी स्वयंपाकघरात असो, गच्चीवर असो, नाहीतर दारात लूनाला पायडल मारत असो, जिथे असेल तिथून ओरडायची, "किती वाजलं गं?" आणि कुणी सांगितलं की ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तरी तिच्या बोलण्यात दिवसाची एक वेळ सारखी यायची. दुपारचे तीन.

मी पहिल्यांदा राजारामपुरीतल्या त्या दारात उभी राहिले तेव्हा माझ्याबरोबर दादा होता, पत्र्याची पेटी होती, आणि चंदगडपासून कोल्हापूरपर्यंत एस.टी.त उभं राहून सुजलेले पाय होते. भाऊ कंडक्टर असला की बहिणीला बसायला जागा मिळते असं लोकांना वाटतं. आमच्या दादाचं उलट होतं. जागा आधी पासेंजरला, बहीण काय, उभी राहील.

मावशीने मला मार्क विचारले नाहीत, आडनाव विचारलं नाही. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "दुपारी तीन वाजता तुला काय हुतंय?"

"कॉलेजात असते," मी म्हणाले.

"कुठं असतीस ते न्हाय इचारलं. काय हुतंय?"

मी दादाकडे बघितलं. दादा छताकडे बघत होता. "झोप येते," मी म्हणाले.

"ती सगळ्यास्नीच येती. फुडं?"

"पाय हलवावेसे वाटतात. उठून कुठेतरी जावंसं वाटतं."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. ते तेव्हाही हलतच होते. "ऱ्हाऊ दे हिला," ती दादाला म्हणाली. "पेटी आत घ्या, पावणं."

साठीला टेकलेली बुटकी बाई. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, शाळेतली मुलं पी.टी.ला घालतात तसले. हाताची बोटं टोकाला पिवळी पडलेली, काही नखं काळी. ती एका सायन्स कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये परिचर होती, चाळीस वर्षं, आणि मी गेले त्याच्या आदल्याच वर्षी निवृत्त झाली होती. परीक्षानळ्या धुणं, ब्युरेट पुसणं, बाटल्यांवर लेबलं चिकटवणं हे तिचं काम. पण बोलताना ती सरळ "माझा विद्यार्थी", "माझी विद्यार्थिनी" म्हणायची. आणि तिचे विद्यार्थी सगळीकडे होते. कारखान्यात, बँकेत, दवाखान्यात, महापालिकेत. या शहरात कुणाचीही ओळख निघाली की कळायचं, याची परीक्षानळी मावशीने धुतलेली आहे.

शोकेसवर बुद्धाची मूर्ती होती, वर निळ्या कोटातला फोटो, आणि त्यांच्यापुढे रोज सकाळी वाटीत ताजी फुलं. तेवढी एक गोष्ट ती शांतपणे करायची. एरवी तिच्या अंगात स्वस्थपणा म्हणून नव्हता. आमची नावं तिने कधी घेतली नाहीत. गावानेच हाक मारायची. "ए गारगोटी, नळ बंद कर." "ए मुरगूड, तुझी साडी वाऱ्यानं चालली बघ." मी चंदगड. आजही बाजारात कुणी चंदगड म्हटलं की मी वळून बघते.

दूधवाला तिच्याशी बोलायला घाबरायचा. एकदा दूध पातळ आलं. तो म्हणाला, पावसाचं पाणी पडलं असेल किटलीत. मावशीने त्याला उंबऱ्याशी उभं केलं.

"काल पाऊस हुता?"

"हुता की."

"किटलीला झाकण हुतं?"

"मावशी, झाकणाबिगर मी किटली उचलत न्हाय."

"घट्ट बसतंय?"

"एकदम घट्ट."

"मग पाऊस आत कुठनं गेला?"

दूधवाला किटलीचं झाकण काढून अर्धा लिटर जास्त घालून गेला. आम्ही जिन्यात हसून लोळत होतो. तिला त्यात काही विशेष केलं असं वाटलंही नव्हतं. ती आत जाऊन भाजी चिरायला लागली होती.

तर ते तीन वाजण्याचं. मावशीचं म्हणणं असं, की कुठला विषय घ्यावा हे आवडीवरून ठरवू नये. आवड सकाळी दहाची असते. दहा वाजता माणसाला सगळंच आवडतं. खरं काय ते दुपारी तीनला कळतं, जेवण खाली बसलेलं असतं, चहा यायला अवकाश असतो आणि तेच काम पुन्हा पुढ्यात असतं तेव्हा. "कंटाळा सगळ्याच कामाचा येतो गं," ती म्हणायची. "कुठला कंटाळा तुला झेपतोय ते बघ. तो विषय घे."

नुसतं म्हणून ती थांबली असती तर आम्ही तिला विसरलो असतो. ती पाठवायची. मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली की तिला एका वॉर्डात, शिक्षिका होते म्हणाली की एखाद्या शाळेत, ओळखीच्या विद्यार्थ्याला निरोप देऊन, दिवसभरासाठी. नियम कडक होते. पुस्तक न्यायचं नाही. मैत्रीण न्यायची नाही. तिथे प्रश्न विचारायचे नाहीत. एक वाजता डबा खायचा आणि परत येऊन बसायचं. यंत्राकडे, फाइलींकडे बघायचं नाही, माणसांच्या तोंडाकडे बघायचं. संध्याकाळी घरी आलं, चप्पल काढायच्या आत तिचा प्रश्न तयार असायचा. "तीन वाजता काय झालं?"

गारगोटी वॉर्डातून अकरालाच पळून आली. तिचे तीन वाजलेच नाहीत. मुरगूड प्राथमिक शाळेत गेली. तिथे तीन वाजता पहिलीची पोरं बाकावर डोकं टेकून झोपली होती आणि हीसुद्धा त्यांच्यात डोकं टेकून झोपली. मावशी म्हणाली, चालंल, तुला पोरांसंगट झोप लागली. मुरगूड आज मुख्याध्यापिका आहे. एकदाच मावशीचा अंदाज साफ चुकला. एक मुलगी बँकेत बसून आली, म्हणाली, तीन वाजले, चार वाजले, मला कंटाळा म्हणून आला नाही. मावशी खूश. मुलीने कॉमर्स घेतलं, तीनदा नापास झाली आणि त्या बँकेतल्या काउंटरवरच्या कारकुनाशी लग्न केलं. तेव्हापासून नियमात एक भर पडली. जिथे देखणा माणूस असेल तिथली परीक्षा बाद.

आम्ही तिची टिंगल करायचो. माझी पाळी आली तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपलं होतं. तिसऱ्या वर्षाला एकच विषय ठेवायचा, बाकी सोडायचे. माझ्याकडे केमिस्ट्री होती, चांगल्या मार्कांची. आणि जिऑलॉजी होती, बॉटनीच्या जागा भरल्या म्हणून पदरात पडलेली. जिऑलॉजीच्या वर्गात आम्ही नऊ जण, त्यांतले बरेचसे माझ्यासारखेच वाट चुकून आलेले. दगड ओळखून काय करणार, असं आम्हीच एकमेकांना विचारायचो. शिवाय ते साल असं होतं की जो उठेल तो कॉम्प्युटर कर म्हणायचा. रिक्षावालेसुद्धा.

दादाने ठरवून टाकलं होतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याच्या ओळखीचा एक माणूस होता. मुलगी केमिस्ट्री घेऊन पास झाली की कंपनीच्या लॅबमध्ये लावतो, असा त्याने शब्द दिला होता. दुसरं काही घेतलं तर शिक्षण बंद, गावाकडे परत, आणि आजऱ्याकडचं एक स्थळ बघून ठेवलेलं होतं. वडील मी नववीत असताना गेले. फॉर्मवर पालकाची सही दादाची. म्हणजे माझं सगळं आयुष्य त्याच्या खिशातल्या पेनात होतं, आणि ते पेन फक्त केमिस्ट्री लिहायला तयार होतं.

त्या जूनमध्ये मी कुठेही धड बसले नाही. सकाळी उठून कॉलेजचा नोटीस बोर्ड बघायचा, तिथून रंकाळ्याला चालत जायचं, रंकाळ्यावरून परत यायचं, मधेच आठवण झाली म्हणून पुन्हा नोटीस बोर्ड. जेवताना ताट घेऊन मी खोलीत फिरायचे. मला वाटायचं, एवढ्या चौकोनात मी दोन शब्द लिहिणार आणि त्यापुढची चाळीस वर्षं त्या दोन शब्दांत बसून काढणार.

"फॉर्म कोरा ठेव," मावशी म्हणाली. "आधी बसून ये."

कागलला तिची एक विद्यार्थिनी होती. पांढरी भिंत, पांढरा कोट, पांढऱ्या टाइल्स. दर तासाला नमुना यायचा, दर तासाला तीच तपासणी, वहीत तोच आकडा थोडासा पुढेमागे. ती बाई स्वभावाने फार गोड होती. माझ्यासाठी घरून लाडू आणले होते तिने. एक वाजता डबा खाल्ला. तीन वाजता मी टाइल्स मोजत होते, आडव्या मोजून झाल्या होत्या आणि उभ्या चालल्या होत्या. मी त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं. ती मात्र नमुन्याचा रंग बदलायची वाट बघत निवांत होती, गुणगुणत होती. तिला तो कंटाळा झेपला होता. मला दार दिसत होतं फक्त.

मग कॉम्प्युटरची संस्था. चप्पल बाहेर काढून, गार खोलीत, पाच यंत्रांपुढे पाच जण मान खाली घालून. तिथलं मी लांबवत नाही. तीन वाजता मी बाहेर माझी चप्पल जागेवर आहे का ते बघायला चौथ्यांदा उठले होते.

"आता ते दगडाचं ऱ्हायलं," मावशी म्हणाली.

"दगडाचं काय बघायचं, मावशी?"

"ते मला काय ठावं? मी काय दगड धुतल्यात व्हय? पर शेखसाहेब हाईत. त्यांच्या नळ्या धुतल्यात."

शेखसाहेब जिऑलॉजी शिकून भूजलाच्या सरकारी ऑफिसात लागले होते. त्यांचं काम विहिरी मोजणं. ठरलेल्या गावांच्या ठरलेल्या विहिरी, वर्षातून चारदा जाऊन पाणी किती खोल आहे ते बघायचं. टेपला टोकाशी वजन बांधलेलं, ते विहिरीत सोडायचं, पाण्याला टेकलं की डुबुक आवाज येतो, तिथला आकडा लिहायचा, पुढची विहीर. पन्हाळ्याच्या पायथ्याकडच्या गावांना आम्ही जीपने गेलो. पहिल्या दोन विहिरींना मजा वाटली. पाचव्या विहिरीला कळलं की सहावीसुद्धा अशीच असणार. पावणेतीनला जीपचं चाक पंक्चर झालं, ड्रायव्हर ते काढून घेऊन एका टेम्पोत बसून गेला आणि आम्ही दोघं एका विहिरीच्या काठावर बसून राहिलो. साहेबांनी रुमाल तोंडावर घेतला. मला प्रश्न विचारायला बंदी. समोर विहीर आणि तिच्यात एक बेडूक.

कंटाळा आला. चांगलाच आला. पण पाय हलत नव्हते. मी विहिरीच्या कडेचे थर बघत होते, वर लाल माती, मग मुरूम, मग काळा कातळ, आणि कातळाच्या एका फटीतून पाणी बारीक पाझरत होतं. मला आमच्या विहिरीची आठवण झाली. चंदगडला पाऊस असा की चार महिने कपडे वाळत नाहीत. आणि त्याच गावात मे महिन्यात आई कळशी घेऊन दोन फर्लांग जाते, कारण विहिरीच्या तळाला चिखल उरलेला असतो. लहानपणी मी आईला विचारलं होतं, एवढं पाणी जातं कुठे? आई म्हणाली होती, जातं कुठेतरी, तू कळशी धर. ती फट बघताना तो प्रश्न परत आला. नियम मोडून मी साहेबांना विचारलं. त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला आणि म्हणाले, "शिकलं पायजे मग. चंदगडचं आम्हाला पण नीट कळलेलं न्हाय."

संध्याकाळी मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कंटाळा आला का?"

"आला."

"उठावं वाटलं?"

"नाही."

"झालं की मग."

झालं कुठे? दादा यायचा होता.

तो आला शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, खाकी ड्रेसवर, खांद्याला तिकिटांच्या पेटीची बॅग. गाडी परत सुटायला दीड तास होता. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला आणि पेन काढलं. "केमिस्ट्री लिव्ह गं. सही करतो नि निघतो."

मी फॉर्म पाठीमागे धरला. मावशी चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि त्याच्या समोरच्या स्टुलावर बसली.

"पावणं, कंडक्टर होऊन किती वर्सं झाली?"

"नऊ."

"गाडी कुठली?"

"हीच. चंदगड-कोल्हापूर."

"आवडती?"

"नोकरी हाय, मावशी. आवडायचं काय त्यात?"

"हो का न्हाय तेवढंच सांगा."

दादा हसला. "आवडती की. सकाळी गाडी भरल्याली असती. कॉलेजची पोरं, माळव्याच्या पाट्या, बाजारवाल्या बाया. बोलायला माणूस असतंय. बरं वाटतं."

"आनि तीन वाजता?"

"तीनला काय?"

"तीनला गाडी कुठं असती?"

"परतीला. गडहिंग्लज सुटल्यालं असतंय. गाडी रिकामी. फुडं दोन म्हातारी माणसं, ती बी झोपल्याली."

"मग तुमी काय करता?"

"बसतो."

"नुसतं?"

दादा कपाकडे बघत राहिला. मला वाटलं चिडला. मी उठून मधे बोलणार होते, तेवढ्यात तो हळू आवाजात म्हणाला, "बेल मारतो."

"कुणी उतरायचं असतंय?"

"न्हाय."

"चढायचं?"

"न्हाय."

"मग बेल कशाला मारता?"

"उगंच. एकदा मारतो. डायवर गाडी हळू करतो. मागनं दोनदा मारतो, तो फुडं काढतो. त्याला बी ठाव हाय कोण उतरत न्हाय ते. कधी इचारत न्हाय." दादाने कप खाली ठेवला. "कुणाला तरी कळावं की मागं मानूस हाय म्हणून."

"किती वर्सं?"

"नऊच की. सांगितलं न्हवं?"

मावशीने कप उचलून बाजूला ठेवला. मी दादाला जन्मापासून ओळखत होते आणि मला हे माहीत नव्हतं. वडील गेले तेव्हा तो बावीसचा होता, डेपोत लागून तीन-चार वर्षं झालेला, आणि सुट्टी काढून बाहेरून बी.ए. पूर्ण करायचं त्याच्या मनात होतं. ते राहिलं. माझ्या फीसाठी राहिलं, हे मला कळत होतं; पण ते मी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं, आणि त्यानेही नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "तुझं काय हुतंय गं तीन वाजता?"

मी विहिरीचं सांगितलं. लाल माती, मुरूम, फट. तो ऐकत होता, तिकीट फाडताना लांबचं ठिकाण ऐकतात तसं, मान तिरकी करून.

"आपल्या हिरीचं इचारलंस त्या साहेबाला?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"शिकलं पायजे म्हणाला."

"नोकरी लागती त्यात?"

"माहीत नाही, दादा."

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं असं त्या क्षणी वाटलं. दादाने फॉर्म ओढून घेतला. विषयाचा चौकोन कोराच होता. त्याने खाली सही केली, कोऱ्यावर, आणि पेन मला दिलं. "लगीन दोन वर्सं थांबवतो. तीन न्हाय," म्हणाला. मग दारात चप्पल घालताना मला हळूच म्हणाला, "ही बाई लई काढून घेती गं मानसाकडनं." मी रडत होते. त्याने बॅग सावरली आणि गेला.

दोनाची चार वर्षं झाली, कुरकुरत का होईना, दादाने ती दिली. एम.एस्सी. झालं, मग कंत्राटावर काम, मग एकदाची नोकरी. शेखसाहेबांच्याच खात्यात, आणि टेपही तसलाच. आजऱ्याचं स्थळ दुसरीकडे गेलं. मी अजून विहिरी मोजते, कंटाळते, आणि उठावंसं वाटत नाही.

मावशीकडे अधूनमधून जायचे. मध्ये आठ वर्षं गेली. मुलींनी आता पेइंग गेस्ट म्हणून मोठ्या इमारती पकडल्या होत्या, मावशीकडे दोनच कॉट उरल्या. गच्चीवर घसरून पडल्यापासून तिच्या हातात काठी आली. लूना जिन्याखाली गंजत होती. कॅनव्हासचे बूट मात्र होते. मी आत गेले की पाणी द्यायच्या आधी विचारायची, "तीन वाजता काय झालं गं, चंदगड?"

एकदा मी उलट विचारलं. कसं सुचलं माहीत नाही, आणि एवढ्या वर्षांत कुणालाच कसं सुचलं नव्हतं, याची नंतर लाज वाटली. "मावशी, लॅबमध्ये तुमचं काय व्हायचं तीन वाजता?"

ती काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिली.

"तीनला प्रॅक्टिकल सुटायचं," ती म्हणाली. "पोरं जायाची. सर जायाचे. ऱ्हायची मी, नि नळ्यांचा ढीग. भिंतीवर घड्याळ हुतं, लंबकाचं. टक टक करायचं. मी स्टुलावर चढून लंबक धरायची. पाच वाजायला आलं म्हंजे शिपाई दार वाजवायचा, मग काटा फिरवून पाचावर न्यायची, लंबक सोडायची. मागनं सेलचं घड्याळ आलं. सेल काढून पदराला बांधायची." ती हसली. "चाळीस वर्सं त्या लॅबमधी तीन ते पाच वाजलंच न्हाईत बघ."

मी विचारलं, "मग सोडली का नाही?"

"सोडून काय करणार? मॅट्रिक झाले नि आठ दिसांत नोकरी लागली. गल्लीतली पयली मॅट्रिक पोरगी मी. बाबा सगळ्यास्नी पेढं वाटत हिंडला. नको कशी म्हणू? आनि दुसरं काय हवं हुतं ते तरी कुठं ठाव हुतं? बघायला एक दीस बी कुणी दिला न्हाय मला." मग लगेच, "चा टाक. किती वाजलं?"

मी तिचा एक दिवस देणं लागत होते. दुसऱ्याच आठवड्यात तिला जीपमध्ये पुढे बसवलं, काठी मागे टाकली आणि विहिरीवर नेलं. घडीच्या स्टुलावर ती सावलीत बसली. नियम तिचेच. एक वाजता डबा खाल्ला. तीन वाजता मी टेप गुंडाळत तिच्याजवळ गेले.

"काय होतंय, मावशी?"

"लई वंगाळ कंटाळा," ती एकदम खुशीत म्हणाली. "हे माझं न्हवं. तुझं हाय, तूच कर. मला दुसरीकडं ने."

त्या हिवाळ्यात मी तिला रोपवाटिकेत सोडलं, तिथून ती दोनला फोन करायला लावून परत आली. एका छापखान्यात सोडलं. तिथल्या वासाने डोकं धरलं. आमची मुरगूड शिकवते त्या शाळेत गेली आणि पोरांवर ओरडली. दर वेळी संध्याकाळी तोच निकाल, हे माझं न्हवं, आणि दर वेळी ती पहिल्यापेक्षा उत्साहात. माझ्या मुलीला सांगताना मी हे हसत सांगते. तेव्हा मात्र मनात धाकधूक असायची. अडुसष्ट वर्षांची बाई. सापडलं नाही तर वाईट, आणि सापडलं तर जास्त वाईट, असं मला वाटायचं.

मग एका मंगळवारी तिला कोर्टात सोडलं. तिनेच नाव काढलं, जाताना रस्त्यात इमारत दिसली म्हणून. कुठल्याशा बांधाचा दावा चालू होता, दोन चुलत भाऊ, मधे चार हात जमीन. मागच्या बाकावर तिला बसवलं, शेजारी डबा ठेवला आणि मी ऑफिसला गेले. एक वाजता फोन नाही. तीन वाजता नाही. चार वाजता माझं कामात लक्ष लागेना. बाई पडली की काय.

साडेपाचला पोचले तर कोर्ट उठलेलं. बाहेरच्या व्हरांड्यात मावशी एका शेतकऱ्याला धरून बसली होती. डबा मांडीवर, न उघडलेला.

"तुमच्या वकिलानं साक्षीदाराला एकच इचारायला पायजे हुतं," ती सांगत होती. "बांधावरचा आंबा कुणी लावला? साक्षीदार म्हणतोय, माझ्या बानं. मग त्याच्या बाला आंबा लावताना बांध कुठं हुता ते दिसलं न्हाय व्हय?" तो माणूस दोन्ही हात जोडून ऐकत होता. दोन तरुण वकील जाता जाता थांबले होते.

मी तिला हात देऊन उठवलं, जीपमध्ये बसवलं. ती रस्ताभर त्या दाव्याचं बोलत होती, कोण खोटं बोललं, कुठे अडला, कुठे सुटला. डोळ्यांत अशी चमक मी कधी पाहिली नव्हती. तिचं बोलणं जरा थांबल्यावर मी विचारलं, "मावशी, तीन वाजता काय झालं?"

तिने माझ्याकडे बघितलं. पिवळी बोटं डब्यावर थांबली.

"तीन वाजलं व्हय?" ती म्हणाली.

मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. बसस्टँड गेला, बाजार गेला, आमची गल्ली आली तरी ती वळली नाही. तिचा खांदा हलत होता. मला दूधवाला आठवला, दादा आठवला, जिन्यात लोळून हसणाऱ्या आम्ही सहा जणी आठवलो, आणि मला स्वतःचा इतका राग आला की गियर नीट पडेना. एवढं डोळ्यांपुढे होतं. आम्ही तिच्याकडून स्वतःलाच पाठवून घेत राहिलो, तिला कुणी पाठवलं नाही.

दारात उतरल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, काठी मागितली, दोन पायऱ्या चढली आणि थांबली.

"उद्या किती वाजता उघडतंय गं ते?"

"अकराला," मी म्हणाले.

या वेळी तिने ते नीट ऐकून घेतलं.